बाहेरचा रंग पाहुण्यांचा

हमीदाबाईंना बैठकीच्या खोलीत बसवून ठेवायचा प्रयत्न रोह्यात बऱ्याच जणींनी करून पाहिला, पण ते कुणालाच जमलं नाही. दारात चपला काढल्या की "बस, बस, तू धावपळ नको करूस" असं म्हणत त्या सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या. तिथे "बघू का गो?" असं विचारायच्या खऱ्या, पण तोवर त्यांचा हात कपाटाच्या मुठीवर गेलेला असायचा. मग एकेक दार उघडून आत डोकावायचं, डब्यांची रांग न्याहाळायची, बिजागरीवरून बोट फिरवायचं, दार हलकेच लोटून ते आपोआप मिटतंय का ते पाहायचं. हे सगळं त्या इतक्या मन लावून करायच्या की घरच्या बाईला रागवायचं सुचायचंच नाही.

मी लग्न होऊन पेणहून रोह्याला आले आणि तिथल्या शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा बाई त्याच शाळेत विज्ञान शिकवत होत्या. राहायच्याही आमच्याच गल्लीत. पहिल्यांदा त्या घरी यायच्या होत्या त्या दिवशी मी सगळा पसारा घाईघाईने ओट्याखालच्या कपाटात कोंबला होता. त्यांनी नेमकं तेच दार उघडलं. कढई, लाटणं, न धुतलेली किसणी आणि रद्दीचा गठ्ठा त्यांच्या पायांवर आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र खाली बसल्या, किसणी उचलून म्हणाल्या, "माणूस घाईत काय काय लपवतो, हे बघायला मला लय आवडतं." मग पदर खोचून त्यांनीच सगळं परत नीट लावून दिलं आणि शेवटी चहाही त्यांनीच केला. साखर कुठे आहे हे त्यांना मला विचारावं लागलं नाही, कारण तोवर माझ्या घरातला एकूण एक डबा त्यांना पाठ झाला होता.

बाई उंच, सडपातळ. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, डोक्यावरून पदर, आणि चालणं असं की पुढे काहीतरी बघायचं राहून जाईल या घाईतलं. नवरा फार लवकर गेला. मुलगा इरफान शिकला आणि आमच्याकडच्या अनेक घरांतल्या मुलांसारखा आखातात नोकरीला लागला. सून आणि नातवंडं पनवेलला फ्लॅटमध्ये. बाई रोह्याच्या घरात एकट्या, आणि एकट्या असल्याची कुरकूर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. त्यांना कुरकुरीला वेळच नसे. कोळणीकडून मासे घेताना त्या तिला जिताड्याच्या खवल्यांबद्दल विचारत उभ्या राहायच्या, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागायची.

वर्गात एखाद्या मुलीने बरोबर उत्तर दिलं तरी बाई "शाबास" म्हणत नसत. त्या विचारायच्या, "बघितलंस, का नुसतं ऐकलंस?" ऐकलं असेल तर खाली बसायचं आणि बघून यायचं. या एका प्रश्नाने मुली इतक्या हैराण व्हायच्या की माझ्या तासाला एकीने कवितेतल्या चंद्राबद्दलही "बघितलंय, बाई" असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

आमच्या स्टाफरूममध्ये एक जुनं लाकडी कपाट होतं. त्याची किल्ली कधीच हरवली होती. आत महत्त्वाचे कागद आहेत असं प्रत्येक जण म्हणायचा, म्हणून कुलूप तोडायची कुणाची हिंमत होत नव्हती. मुख्याध्यापक बदलले, भिंतींचा रंग बदलला, पण कपाट तसंच राहिलं. एका मधल्या सुट्टीत बाई प्रयोगशाळेतून पेचकस आणि हातोडी घेऊन आल्या. कुलपाला त्यांनी हातही लावला नाही. बाजूच्या बिजागऱ्यांच्या खिळ्या खालून ठोकून वर काढल्या आणि दार कुलपासकट उचलून भिंतीला टेकवलं. आम्ही सगळ्या हातातले डबे तसेच धरून पुढे सरसावलो. आत काहीही नव्हतं. कागद नाही, खडू नाही, एक टाचणीसुद्धा नाही. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला, पण बाईंना काय आनंद झाला म्हणता! "बगा, एवढी वर्षं आपण रिकाम्या कपाटाला जपत होतो," असं त्या दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटल्या. वर हेही सांगायच्या की कुलूप पुढे असतं म्हणून माणसं तिथंच भांडत बसतात, बिजागरीकडे कुणी बघतच नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी त्यांच्या चहाच्या कपात चहा कमी आणि बशीत जास्त पडायला लागला. रस्त्यात मी बाजूने हाक मारली तर त्यांना ऐकू यायचं, पण मी दिसायची नाही. त्या जागच्या जागी सबंध वळायच्या, मग म्हणायच्या, "हां, तू हायस होय." मी त्यांना पेणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचबिंदू निघाला. बाजूची नजर गेलेली होती, समोरची तेवढी शिल्लक होती. गेलेली परत येणार नाही आणि औषधाचे थेंब घातले तरी उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी थेंबांची चिठ्ठी घेऊन उठायला लागले. बाईंनी मात्र डॉक्टरांना डोळ्याचा तक्ता भिंतीवरून उतरवायला लावला आणि नेमकी कुठली नस दबते ते अर्धा तास समजून घेतलं. बाहेरचे पेशंट दारातून डोकावून जात होते. परतीच्या एसटीत वडखळ गेलं, नागोठणं आलं, तरी त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "सुमन, मी घाबरलेय गो." मी त्यांचा हात हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मला काहीच विचारायचं नव्हतं.

पुढे एका दुपारी त्यांनी खिडकीतून हाक मारली, "सुमन, जरा हळद घेऊन ये. माझी सांडली." मी वाटी घेऊन गेले तर बाई ओट्यापाशी स्टुलावर बसलेल्या आणि कपाळावरून रक्ताची धार. वरच्या कपाटाचं दार उघडं राहिलं होतं. त्या खाली वाकल्या, उठल्या, आणि त्याचा कोपरा कपाळात घुसला. हळद त्यांना जखमेवर दाबायला हवी होती. टाके पडले. रात्री मी त्यांच्याजवळ बसलेली असतानाच व्हिडिओ कॉलवर इरफानला ती पट्टी दिसली.

इरफान वाईट मुलगा नाही, हे मी आधीच सांगून टाकते. आईवर जीव आहे त्याचा, म्हणूनच तो ओरडला. "अम्मी, आता बास झाला. एक तर ती सगळी जुनी कपाटं फोडून टाक, मी पैसे पाठवतो, नवीन मॉड्युलर बसवून घे. नायतर सरळ पनवेलला चल. मी सुट्टीवर येईन तेव्हा माझ्या डोळ्यांनी बघेन. तू नीट वावरतेयस असं दिसलं तर ठीक, नायतर तुला गाडीत घालूनच नेणार."

बाईंनी फोन ठेवला आणि कपाटांकडे वळल्या. सागवानी चौकटी, त्यावर प्लायची दारं, दारांवर तपकिरी सनमायका. कडा झिजलेल्या, मुठी सैल झालेल्या, एका दाराला कधीतरी पातेल्याचा चटका बसून काळा डाग पडलेला. "पनवेलला काय कमी हाय?" त्या म्हणाल्या. "सून चांगली, पोरं गोड. पण तिथं मला कुणी ओट्यापाशी फिरकू देणार नाय. बस अम्मी, बस अम्मी. बसून बसून मरेन मी."

"मग नवं किचन करून घ्या ना," मी म्हटलं.

"नवं किचन म्हणजे नवं गाव. त्यातले रस्ते शिकेपर्यंत माझे डोळे राहतील काय? इथं मी डोळे मिटून मीठ काढते. ह्या कपाटांना हात नाय लावायचा. फक्त त्यांचं रूप असं बदलायचं की ती मला दिसली पायजेत."

झालं, बाईंना नवा विषय मिळाला. इरफानच्या सुट्टीला अजून अवकाश होता आणि बाईंचं सगळं राहणंच त्या कपाटांवर येऊन ठेपलं होतं. तरी त्यांनी घाई केली नाही. दुसरी कुणी असती तर कॅटलॉगमधला एक रंग निवडून मोकळी झाली असती. बाईंनी ठरवलं की एका दारावर एक उपाय करायचा आणि महिनाभर त्याच्यासोबत राहून बघायचं.

पहिल्या दारावर त्यांनी बाजारातून आणलेला चिकटवायचा कागद लावला, लाकडाच्या रेघांचा. मी एक टोक धरलं, त्यांनी दुसरं. आमच्याकडची हवा किती दमट ते तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, पापडसुद्धा डब्याबाहेर तासभर कुरकुरीत राहत नाही. भाताच्या वाफेने त्या कागदाला फुगे आले आणि कडा सुटल्या. बाई रोज सकाळी फुगे मोजायच्या आणि मला वाढ कळवायच्या.

दुसऱ्या दारासाठी दत्ता मिस्त्री आला. हा त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने पुसायला सोपा म्हणून चकचकीत सनमायका लावून दिला. दिसायला झकास. पण ट्यूब लावली की तिचा उजेड त्यात असा चमकायचा की बाईंना समोरचा ओटाच दिसेनासा व्हायचा. त्यांनी दत्ताला स्वतःच्या जागी उभं केलं, त्याच्या डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरले आणि म्हणाल्या, "आता सांग, गॅसचं बटण कुठं हाय?" दत्ता डोकं खाजवत म्हणाला, "बाई, तुम्ही रोज असंच बघता?" बाई म्हणाल्या, "व्हय. पण तुला विचारलंय ते बटणाचं सांग."

तिसरं दार पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलं. पांढरी भिंत, पांढऱ्या टाइल्स, पांढरं दार. बाई म्हणाल्या की आता दार गेलं कुठं तेच कळत नाही. चौथ्या खणाचं दार त्यांनी काढूनच टाकलं. दारच नाही तर डोक्याला लागणार काय, हा विचार. दोन दिवस त्या खूश होत्या. तिसऱ्या दिवशी तूरडाळीच्या डब्यावर पाल येऊन बसली. "तिला लय आवडलं," बाईंनी मला बोलावून दाखवलं आणि दार परत बसवून घेतलं.

तोवर त्या स्वयंपाकघराची पार रया गेली होती. एक दार लाकडाच्या रेघांचं, एक आरशासारखं, एक पांढरं, एक जुनं डागाचं. शेजारणी बघायला यायच्या, पदराआड हसायच्या आणि बाहेर पडल्यावर म्हणायच्या की बाईंना आता वयानं चळ लागला. मलाही चीड यायची. त्यांच्यावर नव्हे, त्यांच्या त्या सावकाशीवर. इरफान आला आणि हा सगळा तमाशा बघितला तर तो काय म्हणेल, या काळजीने मी एकदा त्यांच्यावर आवाज चढवला. "एकदाचं काय ते ठरवा ना, बाई!"

"ठरवते ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "आधी कळू तर दे."

पेणला माझ्या माहेरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, माझा भाऊ सुधीर चालवतो. बाईंना तो बघायचाच होता. रंगाची ज्याला जाण आहे असा माणूस शोधत त्या एसटीने माझ्यासोबत पेणला आल्या. कारखान्यात शिरल्या आणि मी आले आहे हे विसरूनच गेल्या. कुठला रंग आधी, कुठला नंतर, सोवळ्याचा पिवळा एवढा उठून का दिसतो, चमक कशाने येते? कारागिरांना आधी गंमत वाटली, मग ते हातातलं काम सोडून उत्तरं द्यायला लागले. सुधीर तर भारावलाच. म्हणाला, "बाई, तुमचं एक दार द्या मला. असं करून देतो की सगळ्या रोह्यात तसं नसेल."

आम्ही एक दार उतरवून त्याच्याकडे पाठवलं. रंग धरावा म्हणून दत्ताने त्याचा सनमायका घासून खरखरीत करून दिला होता. पुढच्या खेपेला गेले तेव्हा ते दार मूर्तींच्या रांगेत वाळत उभं होतं, पिवळंधमक, वर मोतिया झाक, चारी बाजूंनी सोनेरी किनार. दोन्हीकडे गणपती आणि मधे स्वयंपाकघराचं दार. कारखान्यात येणारी गिऱ्हाइकं हे कुठल्या मखराचं म्हणून विचारत होती.

दार गॅसच्या वर बसवलं. सगळी गल्ली बघून गेली, आणि या वेळी पदराआड कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला दारावरून पहिला पिवळा ओघळ निघाला, मग दुसरा, आणि भात होईस्तोवर टाइल्सवरून ओट्यापर्यंत हळदीचं पाणी सांडावं तसं सगळं वाहून गेलं. सुधीरने सवयीने हात घातला होता तो मूर्तीच्या रंगात. जन्मभर जो रंग पाण्यात जायचाच म्हणून लावला, तोच त्याने कुकरच्या वाफेवर लावला होता. माझा संताप संताप झाला होता. बाई मात्र स्टुलावर बसून पोट धरून हसत होत्या. "त्याची काय चूक? रंगानं आपलं काम चोख केलं गो," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. मग हसता हसता एकदम थांबल्या.

"सुमन, ते दार उघडं हाय ना?"

मी बघितलं. ओघळ पुसताना मी दार उघडून तसंच सोडलं होतं, आणि ते बरोबर त्यांच्या कपाळाच्या उंचीवर होतं. "हो, बाई."

"मला दिसतंय," त्या म्हणाल्या.

दाराच्या तोंडावरचा रंग धुऊन गेला होता, पण कडेला प्लाय उघडा होता, त्याने रंग पिऊन टाकला होता. उघडं दार समोरून बघितलं की दिसते ती त्याची कडच. तपकिरी कपाटांच्या पुढे ती कड उभ्या पिवळ्या पट्टीसारखी दिसत होती. बाई उठल्या. दार मिटलं, पट्टी गेली. उघडलं, पट्टी आली. त्यांनी ते किती वेळा केलं देव जाणे. एवढे दिवस आम्ही सगळे दारांच्या तोंडाला रंग लावत बसलो होतो. बाईंना मार बसला होता तो कडेचा.

त्यानंतर मात्र बाईंनी भराभर निर्णय घेतले. सुधीर स्वतः आला, या वेळी पाण्याला दाद न देणारा रंग घेऊन, आणि ओशाळलेला चेहरा घेऊन. दत्ताने सगळ्या दारांना पूर्ण मागे दुमडणाऱ्या बिजागऱ्या बसवल्या, म्हणजे उघडलेलं दार शेजारच्या दाराला जाऊन टेकेल. सुधीरने बारीक ब्रशने प्रत्येक दाराची कड पिवळी केली. हात जराही हलला नाही त्याचा. मग बाई म्हणाल्या, "आता आत."

"आत?" सुधीर म्हणाला. "आत कोण बघतंय, बाई?"

"मीच की! डबे काळोखात असतात. स्टीलचा डबा अंधारात मला भुतासारखा वाटतो, हाय का नाय कळत नाय. आत सगळं पिवळं कर, चमक नको. बाहेर ज्या दारांवर प्रयोग झाले त्यांना होता तसा तपकिरी सनमायका चढव रे दत्ता."

दत्ताला ते पटेना. एवढा खटाटोप करून बाहेरून जुनंच? लोक काय म्हणतील? बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाहेरचा रंग पाहुण्यांचा, बाबा. पाहुण्यांनी चहा प्यावा न् जावं. मला काम असतं ते आत."

मे महिन्यात इरफान आला. मी मुद्दामच तिथे जाऊन बसले होते, पण बोलायचं नाही असं बाईंनी आधीच बजावलं होतं. त्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. तीच तपकिरी दारं, तोच चटक्याचा डाग. "अम्मी, एवढे महिने केलंस काय? मी सांगितलेलं एक तरी ऐकलंस? बॅग भर. परवा गाडी येतेय."

"भरते," बाई म्हणाल्या. "आधी जेव."

त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि स्वयंपाकाला लागल्या. सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. कपाट उघडलं की डाव्या हाताने दार मागे लोटायचं, डबा काढायचा, दार मिटायचं. मान जराशी हलवून समोर बघायचं, मगच वळायचं. त्या कुठे चाचपडल्या नाहीत. मधेच इरफान पाणी प्यायला उठला. ओट्यावरच्या कपाटातून त्याने पेला काढला आणि दार अर्धं उघडंच ठेवून परत येऊन बसला. त्याने ते मुद्दाम केलं नव्हतं, आपण सगळेच असं करतो. बाई त्या वेळी परातीपाशी खाली वाकलेल्या होत्या. त्यांना ते माहीत नव्हतं. ओरडावंसं वाटलं, पण मी पदर मुठीत आवळून गप्प बसले, कारण मी ओरडले असते तर बाई हरल्या असत्या.

बाई वर उठताना थबकल्या. हात पुढे करून त्यांनी ते दार मागे लोटून दिलं.

"इरफान," त्या पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाल्या, "कपाट उघडलंस तर मिटायला काय होतं रे?"

इरफानने त्या दाराकडे बघितलं. मग तो उठला, आणि जन्मापासून ज्या घरात वाढला त्या घरातलं एकेक कपाट उघडून बघायला लागला. आतून सगळी पिवळी. डबे रांगेने, स्वच्छ दिसणारे. त्याने कडेवरून बोट फिरवलं. बाई भाकरी थापत राहिल्या.

परवा यायची गाडी आलीच नाही. त्याऐवजी इरफान बाजारातून पोत्याने सामान घेऊन आला आणि डबे भरत बसला. प्रत्येक डब्याला विचारायचा, "हा कुठं, अम्मी?" आणि जिथे होता तिथेच परत ठेवायचा. रात्री पनवेलला फोन करून बायकोला म्हणाला, "अम्मी हितंच राहील. पोरांना शनिवार-रविवारी घेऊन येत जा." भिंतीपलीकडून बाईंनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला शब्द न् शब्द सांगितलं.

त्याच महिन्यात माझ्या मिस्टरांची बदली झाली आणि आम्ही पेणला परतलो. माझी बांधाबांध चालू असतानाच इरफानच्या परत जायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. बाई त्याला विमानतळावर खायला घावणे करून देत होत्या. डबा भरला, झाकण दाबून लावलं, कपाट मिटलं. इरफान खांद्याला बॅग लावून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. अंगणातलं ऊन त्याच्या पाठीमागे. बाईंनी डबा पुढे केला, त्याने तो घेतला, वाकून आईचा हात आपल्या डोळ्यांना लावला. "येतो, अम्मी." मग तो मागे बघत बघत पायऱ्या उतरला. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत बाई तिथेच उभ्या राहिल्या.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला, बाई."

"तो उजेडाकडे पाठ करून उभा होता गो. मला नुसता काळा आकार दिसला." त्या माझ्याकडे सबंध वळल्या. "त्याचा चेहरा कसा होता? हसत होता का रडत?"

मला खोटं बोलता आलं असतं, पण त्यांच्याशी ते कधी जमलं नव्हतं. "रडत होता, बाई. फार रडत होता."

बाईंनी पदराने डोळे पुसले. क्षणभर त्या दाराच्या चौकटीकडे, मग समोरच्या खिडकीकडे बघत राहिल्या. नंतर दारात तो उभा होता त्या जागी स्वतः जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथून दोन पावलं आत येऊन खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून थांबल्या.

"पुढच्या खेपेस," त्या म्हणाल्या, "त्याला इथं उभा करायचा."